भर सभेत दिलेला शब्द

सर सरकारी वकील म्हणून निवृत्त होणार होते आणि त्यांचा सत्कार कुणाच्या हस्ते करायचा यावर वकील संघाच्या खोलीत बराच खल चालला होता. पुढारी नको, कारण एकाला बोलावलं की दुसरा रुसतो. न्यायाधीश येणारच होते, पण ते हार घालत नाहीत, नुसते बसतात. शेवटी संघाचे सचिव टेबलावर हात आपटून म्हणाले, "ज्यांना सरांनी न्याय मिळवून दिला त्यांच्याच हातून करू ना! पहाडातली एखादी बाई. फोटो काय येईल!"

तेव्हा सगळ्यांना एकच बाई आठवली. मी कोपऱ्यात निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ वाचत होते. सरांच्या हाताखाली येऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि त्या खोलीत मी आहे हे लोक बहुतेक वेळा विसरत. त्या दिवशी सचिवांना नेमकं आठवलं.

"मॅडम, तिले तुमीच आना. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं. आन् तुमी बोलतस बी कमी, ती घाबरणार नई."

सगळे हसले. मीही हसले. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी आईवडील अहिराणीत बोलतात आणि मी उत्तर पुस्तकी मराठीत देते. त्यामुळे गावात मी शिष्ट ठरलेली आहे. शिष्ट माणसाला कोणी फार प्रश्न विचारत नाही, म्हणून मी ते कधी दुरुस्त करायला गेले नाही.

त्या बाईचा खटला मी येण्याआधीचा. पण सरांच्या तोंडून तो इतक्यांदा ऐकला होता की मीच तिथे हजर होते असं वाटायचं. धडगावच्या वर, घाटात आडबाजूला तिचं गाव. शेताच्या बांधावरच्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडावरून भांडण झालं आणि भावकीतल्या एकाने तिच्या नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. पाहणारे पुष्कळ होते. गावच्या रीतीप्रमाणे पंच बसले, मारणाऱ्याच्या घराने काय भरून द्यायचं याचा निकाल झाला. बाईनेही हो म्हटलं होतं. मग एके दिवशी ती समन्स घेऊन कोर्टात आली आणि सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"मी तिला म्हटलं, पंचांचा निकाल मानू नकोस. पाहिलंस ते सांग. पंचांना काय सांगायचं ते मी सांगेन, मी तुझ्यामागे आहे." हे सांगताना सर नेहमी चष्मा काढत. "बाकी सगळे फितूर झाले. एकूण एक. ही एकटी पहाडासारखी उभी राहिली. जन्मठेप!"

गोष्ट इथे संपायची. पुढे काय झालं हे मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "पुढे काय, अपील." आणि फाईल मागितली.

पुढे काय झालं ते मला मिरचीच्या पथारीवर कळलं. नंदुरबारच्या बाहेर थंडीत मैलभर मिरची वाळत घातलेली असते, तिला आम्ही पथारी म्हणतो. रस्त्याने जातानासुद्धा नाक झोंबतं. तिथे बायका दिवसभर उकिडव्या बसून देठं खुडतात. ती पथारीच्या कडेला ताडपत्रीच्या झोपडीत राहत होती. चाळिशीची असावी. तोंडावर ओढणी बांधलेली, डोळे तेवढे दिसत होते. मी सत्काराचं सांगितलं. तिने देठं खुडणं थांबवलं नाही.

"साहेब येई का मन्हा गावले?" तिने विचारलं. घरी ती पावरी बोलते. ही अहिराणी शेतांवर मजुरी करता करता शिकलेली.

मला कळलं नाही. मग तिने नीट सांगितलं. पंचांपुढे हो म्हणून तिने कोर्टात साक्ष दिली, म्हणजे शब्द मोडला. खरं बोलली याचा कुणाला राग नव्हता. पंचांना आधी येऊन कोणी सांगितलं नाही, याचा होता. तेव्हापासून तिला गावाचं पाणी बंद, आग बंद. घर आहे, शेत आहे, पण राहता येत नाही. पंचांचं म्हणणं एकच होतं: ज्या माणसाने तिला शब्द मोडायला लावला त्याने येऊन, बसून, हे मीच सांगितलं होतं म्हणून कबूल करावं. मग तिच्यावर दोष नाही. तिने दोनदा कोर्टात येऊन सरांना निरोप दिला होता. दोन्ही वेळा शिपायाने सांगितलं, साहेब काममा शेतस.

"होळीले समदा लोक घर येतस," ती म्हणाली. "गुजरातमाईन, कारखान्यावरथून. मी आठे पथारीवर बसस."

सातपुड्यात होळीला जो आपल्या गावात नाही तो कुठलाच नाही, हे मला इथे राहूनही कोणी सांगितलं नव्हतं. मी परत आल्यावर सरांना तिची अट सांगितली. वाटलं होतं, ते थोडे तरी अवघडतील.

"अगं, जाऊ ना! निवृत्त माणसाला काय काम?" ते म्हणाले. "आण तिला. तिला म्हणावं, साहेब येणार."

समारंभ नाट्यमंदिरात झाला. सरांना भगवा फेटा बांधला होता, तो त्यांना शोभतही होता. एकेक जण उठून बोलला. सरांनी घेतलेली रक्तदान शिबिरं, आश्रमशाळेतल्या मुलांना वाटलेल्या वह्या, सामुदायिक विवाह, उन्हाळ्यात कोर्टाच्या आवारात स्वतःच्या खर्चाने ठेवलेला पाण्याचा माठ. यातलं काहीही खोटं नव्हतं. तो माठ मी रोज पाहिलेला आहे. लांबून आलेल्या साक्षीदारांसाठी सर केळीही आणून ठेवत. माणूस वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

मग तिचं बोलावणं आलं. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं, गळ्यात चांदीची साखळी. आमच्याकडे पाहुण्याला शाल-श्रीफळाबरोबर तीरकमान देण्याची पद्धत आहे. ते तिच्या हातात दिलं होतं, आणि तिने ते असं पेललं होतं की कोर्टातले तरुण वकील फोटो काढायला पुढे सरसावले. सचिव माइक सोडून ओरडले, "मावशी, आधी टिळा! टिळा लावा साहेबांना!"

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "हात तिखट शे. डोळाले लागी."

सभागृह खो खो हसलं. सर सगळ्यांत जास्त हसले. म्हणाले, "सरकारी वकिलाला तिखटाची सवय असते!" आणखी हशा. टिळा सचिवांच्या पत्नीने लावला.

सरांचं भाषण लांबलं. शेवटी त्यांनी तिला पुन्हा स्टेजवर बोलावून शेजारी उभं केलं आणि आवाज खाली आणला. "ही माझी बहीण. हिने खरं बोलण्याची किंमत मोजली. आज, तुम्हा सर्वांसमोर, मी हिला शब्द देतो. होळीच्या आधी मी स्वतः हिच्या गावी जाईन. पंचांपुढे मांडी घालून बसेन. आणि सांगेन, दोष द्यायचा तर मला द्या!"

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका वकिलीणबाईंनी डोळे पुसले. मी मोबाइलवर चित्रीकरण करत होते, मलाही ते खरं वाटलं, हे कबूल करायला हवं. ती मात्र सरांकडे बघत नव्हती. ती माणसं बघत होती. एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, मग बाल्कनीत, अगदी सावकाश. खाली आल्यावर तिने मला विचारलं, "समदा लोकेस्नी ऐकं ना?"

"हो, सगळ्यांनी ऐकलं."

"न्यायाधीशसाहेबनी बी?"

"त्यांनीही."

तिचा चेहरा त्या क्षणी सैल झाला. तिच्या गावी जमून बसलेल्या लोकांपुढे दिलेला शब्द म्हणजे निकालच. त्याच्यावर पुन्हा अपील नसतं. आणि इथे तर तिच्या सगळ्या पंचांहून मोठी सभा होती. ते भाषण होतं, हे तिला समजायचं कारणच नव्हतं. भाषण हे नुसतं भाषण असतं हे आपण कुठे शिकतो? मला वाटतं, शाळेच्या स्नेहसंमेलनातच.

जेवणाच्या वेळी ती सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि वार विचारला. सरांच्या हातात जिलबीची बशी होती, भोवती माणसं होती. "रविवारी," ते म्हणाले. "होळीच्या आधीचा रविवार. पक्कं." दुसऱ्या दिवशी ती मिरचीचं काम सोडून गावाच्या वेशीपर्यंत गेली आणि निरोप आत पाठवून आली.

सर महिनाअखेरपर्यंत कामावर होते, आणि मी त्यांना रोज आठवण करून देत होते. माझ्यासारखीला ते जड जातं. मी फाईल द्यायच्या निमित्ताने जायचे आणि जाता जाता म्हणायचे. आधी ते "हो हो" म्हणाले. मग म्हणाले, "घाटातला रस्ता कसा आहे आता?" मग एक दिवस गंभीर झाले. "हे बघ, कायद्याचा माणूस जातपंचांपुढे बसला तर उद्या पेपरमध्ये काय येईल? बहिष्कार हा गुन्हा आहे. तिने तक्रार द्यावी. मी स्वतः लिहून देतो."

"ती आणखी एक खटला करायला तयार होणार नाही, सर."

"मग मी काय करणार?"

मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिलाय." माझा आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. पण ऐकलं होतं. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "तू हो पुढे. मी गाडीने मागून येतो."

सचिवांना मी बरोबर येता का म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, भाषणमा मानूस काय बी बोलस! तुमी इंग्लिश मीडियमवाला सगळं मनवर लेतस."

शहाद्याहून धडगावची जीप, धडगावहून पुढची जीप. माणसं टपावर बसलेली, कोणाच्या मांडीवर नवा ढोल. सगळे होळीला घरी चालले होते. ती बाई गावाबाहेरच्या बांधावर बसून होती, आत गेलेली नव्हती. माझ्या मागे गाडी नाही हे तिने पाहिलं.

"मागून येताहेत," मी म्हटलं.

पंच झाडाखाली जमले होते. खाली महूची फुलं पडली होती, बसण्याआधी त्यांनी ती बाजूला सारली. त्यांतला जो सर्वांत म्हातारा होता त्याला मराठी चांगलं येत होतं. याचंही नाव साक्षीदारांत होतं, आणि कोर्टात तोही "मी त्या दिवशी बाजाराला गेलो होतो" म्हणाला होता. त्याने नाव सांगताच मला ते फाईलमधलं आठवलं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. त्याने मला खाट दिली.

दुपार टळली. मोबाइलला रेंज नव्हती. मी काहीतरी करायला हवं म्हणून चित्रीकरण दाखवलं. बायका-माणसं दाटीने वाकून बघू लागली. सरांचा फेटा बघून कोणीतरी काही बोललं आणि पोरं हसली. टाळ्यांचा आवाज त्या माळावर विचित्र वाटत होता. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत पाहिलं.

"एवढी माणसं ऐकत होती?"

"हो."

"त्यातला कोणी आला नाही?"

मी म्हटलं, "मी आले."

"तू पोरगी आहेस. तू तिला निकाल मोडायला सांगितलं होतं का?"

"नाही. पण सरांनी सांगितलं होतं. मला त्यांनी स्वतः कितीदा सांगितलंय."

"तुला सांगितलं," तो शांतपणे म्हणाला. "ते आम्हाला सांगायचं होतं."

ऐकीव गोष्ट कोर्टातही चालत नाही. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. पावरीत बोलली, पण "साहेब" एवढा शब्द मला कळत होता. बाकीचं म्हाताऱ्याने मला सांगितलं. ती म्हणत होती, साहेब आजारी पडला असणार. नाहीतर तो आला असता. त्याने न्यायाधीशासमोर शब्द दिला आहे.

पंच आपसात बोलले. बराच वेळ बोलले. मग म्हाताऱ्याने निर्णय दिला आणि मलाही समजावा म्हणून पुन्हा मराठीत सांगितला. आजारी माणसाला पंच दोष देत नाहीत. होळी पेटेपर्यंत थांबू. तोपर्यंत आला तर बाई गावात. आणि तोपर्यंत तिने घर उघडावं, झाडून घ्यावं, चूल पेटवायला गाव तिला विस्तव देईल.

तिने घर उघडलं. आत काय अवस्था होती ते मी लिहीत नाही. तिने दार, अंगण, ओटा झाडला. शेजारच्या घरातून एक बाई खापरीवर निखारे घेऊन आली, ते तिच्या चुलीत ठेवले, आणि दोघी चुलीकडे तोंड करून थोडा वेळ बसल्या. नंतर ती उठली आणि माझ्याबरोबर निघाली. पथारीवरची भांडीकुंडी आणायची होती. आणि साहेबांना बघून यायचं होतं, कारण आजारी माणसाला बघायला जावं लागतं.

जीप डोंगराच्या कडेला आली तशी रेंज आली आणि मोबाइल वाजू लागला. मी खिडकीजवळ, ती माझ्या खांद्याला खांदा लावून. मी पडदा तिरका धरला, पण जीपमध्ये तेवढी जागा कुठे असते? सरांनी फोटो पाठवले होते. अक्कलकुव्याला कुठल्याशा मंडळाने त्यांचा सत्कार केला होता. गुलाबी फेटा, नवी शाल, हसू तेच. खाली लिहिलं होतं, "अचानक ठरलं. तिकडचं सांभाळून घे."

"साहेब," ती म्हणाली.

मी मोबाइल पालथा केला.

"आजना शे का?"

जुना आहे म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. सबंध कोर्टात मीच अशी होते जिचं तिने काहीही मानलं असतं.

"आजचा," मी म्हटलं.

"बरा शे मंग." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. तिने पुढे वाकून ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "थांबाड रे."

"मावशी, कुठे चाललात?"

"पंचास्ले सांगाले."

"काय सांगायला?"

"आजारी नई शे म्हनीसन. मी खोटं बोलनू."

मी तिचा हात धरला. मी तिला काय काय सांगितलं ते आठवलं की मला स्वतःचाच आवाज अगदी वकिलाचा वाटतो. मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलला नाहीत, तुम्हाला तसं वाटलं होतं. मी म्हटलं, होळीला अजून अवधी आहे, मी सरांना कसंही करून घेऊन येते. मी म्हटलं, त्यांना कोण सांगणार आहे, तिथे रेंजसुद्धा नाही. टपावरचे लोक वरून ओरडत होते, "काय रे, रात्र करशी का?"

"ताई, मी इस्तो लिया ना," ती म्हणाली. विस्तव घेतला ना त्यांच्याकडून. आणि उतरली.

मीही उतरले. जीप गेली. ती पुढे चालत होती, मला तिच्या चालीने चालता येत नव्हतं. वाटेत ती एकदाही मागे वळली नाही आणि मी एकदाही हाक मारली नाही.

म्हातारा अंगणात ढोलाचं चामडं ताणत होता. ती कुंपणाच्या बाहेर उभी राहिली आणि दोन-तीन वाक्यांत बोलून मोकळी झाली. त्याने हातातलं काम ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"हे खरं?"

मी मान हलवली.

"साहेब धट्टाकट्टा आहे?"

"हो."

त्याने ढोल पुन्हा मांडीवर ओढला. कोर्टात पिंजऱ्यात उभा राहून, शपथ घेऊन, बाजाराला गेलो होतो म्हणणारा हाच माणूस. मला वाटलं, आता तरी तो म्हणेल की राहू दे. परत येऊन खरं सांगणाऱ्या बाईला कोणीतरी कधीतरी राहू दे म्हणायला हवं.

"मग थांबायचं कारण राहिलं नाही," तो मराठीत म्हणाला. बहुधा माझ्यासाठी. तिला ते आधीच कळलं होतं. ती तिच्या घराकडे गेली, चुलीतले निखारे खापरीवर काढले, शेजारणीच्या दारात नेऊन ठेवले आणि घराला कडी घातली.